शिक्केवाल्या नानांची लाल वांगी

नाना गळ्यात शिक्का घालायचे. हो, शिक्काच. बोटाच्या पेराएवढी पोलादी दांडी, तिच्या टोकाला गोल आणि गोलात सात हा आकडा. काळ्या दोऱ्यात ओवून तो सदऱ्याच्या आत सोडलेला असायचा. पॅकिंगमधल्या बायका त्याला नानांचं मंगळसूत्र म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. नाना चिडायचे नाहीत. म्हणायचे, "हसा, हसा. माझ्या बायकोनंसुद्धा एवढ्या वर्षांत मला असं बांधून ठेवलं नाही."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जळगावहून केमिस्ट्रीत बी.एस्सी. होऊन धुळ्याला मावशीकडे राहायला आले होते आणि एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत, नोकरीला लागले होते. त्या शेडमध्ये चाळीस माणसं विमानासाठी बोल्ट, नट आणि वॉशर तयार करायची. खोटं नाही सांगत! धुळ्यात विमान फक्त आकाशात दिसायचं, तेही एखाद्या वेळी. पण त्यातले काही बोल्ट आमच्याकडून एका मोठ्या विमान कारखान्याला जायचे. मावशीनं मात्र गल्लीभर सांगून टाकलं की आमची पोर विमान बनवते. शेजारचे अण्णा मला एकदा गंभीरपणे विचारायला आले, "मुंबईला जायचंय, तुमच्या विमानात दोन जागा मिळतील का?"

नाना आमच्याकडे तपासणीला होते. मुलामा द्यायच्या टाक्याही त्यांच्याच देखरेखीखाली. बोल्ट गंजू नये म्हणून त्यावर कॅडमियम या धातूचा पातळ थर चढवायचा, मग धुवायचा, मग भट्टीत ठेवायचा. नाना शिकलेले जुन्या मॅट्रिकपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काय शिकलीस?" मी ऐटीत सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची 'बीएस्सी' झाले ती कायमची. "ए बीएस्सी, इकडे ये. हे बघ कार्ड." प्रत्येक लॉटबरोबर एक पुठ्ठ्याचं कार्ड फिरायचं. पोलाद कुठून आलं, कापलं कोणी, कोणत्या टाकीत बुडवलं, किती वेळ भाजलं, तपासलं कोणी, सगळं त्यावर. नाना त्याला बोल्टची कुंडली म्हणायचे. शेवटच्या रकान्यात शिक्का. माझे डोळे त्या शिक्क्यावरच खिळलेत हे त्यांनी ओळखलं. "हा मिरवायला नसतो, पोरी. उद्या वर काही तुटलं, तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून असतो."

'कोणाला विचारायचं?' हा त्यांचा ध्यास होता. कँटीनचा चहा पाणचट निघाला की कप वर धरून विचारायचे, "यावर शिक्का कोणाचा?" साक्रीची एसटी तासभर उशिरा आली की कंडक्टरला तेच. रागावले की अहिराणीत उतरायचे, "कोनले इचारानं? सांग ना, कोनले इचारानं?" कंडक्टर बिचारा तिकिटांची पेटी पुढे करायचा.

आणि लाल रंग! नापास झालेला बोल्ट नाना नुसता बाजूला ठेवायचे नाहीत. त्याला ब्रशनं लाल रंग फासायचे आणि करवतीनं त्याचे आटे कापून टाकायचे. कोणी चुकूनसुद्धा तो परत वापरू नये म्हणून. विमानाच्या कामात तशी पद्धतच आहे, पण नाना ते काम अशा निष्ठेनं करायचे की बघणाऱ्याला बोल्टची दया यावी. मी एकदा म्हटलंही, "नाना, केसभरच तर चूक आहे." त्यांनी माझ्याकडे न बघता कापणं चालू ठेवलं.

आता वांग्यांकडे येते. बोल्ट धुतलेलं पाणी विषारी असायचं. त्यात सायनाइड असायचं आणि कॅडमियमही. त्या काळात असल्या पाण्याची चौकशी फारशी कोणी करत नसे. नाना मात्र आधी ब्लीचिंग पावडर टाकून सायनाइड मारायचे, मग चुना घालून गाळ खाली बसवायचे. वर राहायचं ते पाणी काचेसारखं. ते नाल्यात सोडायला त्यांचा जीव होत नव्हता. मला विचारलं, "बीएस्सी, स्वच्छ आहे ना?" मी सायनाइड तपासलं, आंबटपणाचा कागद बुडवून बघितला आणि म्हटलं, "एकदम स्वच्छ." कॅडमियम मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतंच. पण ते कबूल करायला माझी जीभ रेटली नाही. पदवीचा तोरा, दुसरं काय?

मग नानांनी शेडमागे त्या पाण्यावर वांगी लावली. भरताची, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक वांगं दोन्ही हातांत मावणार नाही असं. खानदेशी माणसाला थंडीत भरीत दिसलं नाही तर त्याला वर्ष गेल्यासारखं वाटत नाही. दोन हिवाळे आम्ही शेडमागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी भांड्यात मिरच्यांबरोबर ठेचली आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर हाणली. नाना पिशव्या भरभरून घरोघर वांगी द्यायचे. देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात विमान कारखान्याकडून एक साहेब आमचं काम बघायला आले. कामावर खूश झाले, भरीत तर दोनदा मागून घेतलं. हात धुता धुता म्हणाले, "वांगी कुठली हो ही?" नाना कौतुकानं त्यांना मागे घेऊन गेले. साहेबांनी झाडं पाहिली, पाइप पाहिला, पाइप कुठून येतो ते पाहिलं. "पाणी कुठलं?" नानांनी सांगितलं. साहेबांनी वाकून एका झाडाचं पान बोटांत धरलं. मग हळूच म्हणाले, "पाणी स्वच्छ दिसलं तरी कॅडमियम त्यात विरघळलेलं राहतं, नाना. झाड ते उचलतं. आणि माणसाच्या मूत्रपिंडात ते वर्षानुवर्षं साठत जातं." मी तिथेच उभी होते. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं मला झालं.

मी दोन वांगी घेऊन एसटीनं जळगावला माझ्या कॉलेजातल्या सरांकडे गेले. त्यांनी तपासून चिठ्ठी दिली: खाऊ नयेत. नानांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ते म्हणाले, "लॉट परत बोलवायचा." मला कळेना. विमानाच्या कामात एखादा लॉट खराब निघाला की तो गेला असेल तिथून परत मागवतात. नानांनी तेच वांग्यांना लावलं! आधी सगळी झाडं उपटली. मग उरलेली वांगी ओळीनं मांडली, एकेकाला लाल रंग फासला आणि करवतीनं देठ उडवले. पॅकिंगमधल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. नाना हसत नव्हते. रंगवलेली वांगी गाळाच्या ड्रममध्ये गेली आणि नाना कोणाकोणाला वांगी दिली त्याची यादी करायला बसले.

तीन दिवस आम्ही घरोघर फिरलो. ते सायकलवर, मी माझ्या मोपेडवर. लोक म्हणायचे, "नाना, गेल्या वर्षी खाल्लेली वांगी आता परत कुठून देऊ?" नाना म्हणायचे, "परत देऊ नका. पण ती मी दिली होती, त्यात खोट होती, एवढं ऐकून ठेवा. काही झालं तर मला विचारा." मी मागे मान खाली घालून उभी. माझ्या मावशीनं तर वांग्याच्या फोडी वाळवून डबा भरून ठेवला होता. नानांनी तो डबा मागितला तेव्हा तिनं त्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. डबा तरी नेलाच त्यांनी. त्या सुकलेल्या फोडींनाही लाल रंग लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर नानांनी बोल्टच्या कार्डावर पट्टीनं रेघा मारून दोन नवे रकाने पाडले. एक 'हात', एक 'पाणी'. शनिवारी ते टाकीवरच्या प्रत्येक माणसाचे हात उलटेपालटे करून बघायचे. कातडी सोलली असेल तर नवे हातमोजे आल्याशिवाय तो माणूस टाकीपाशी जायचा नाही. आणि धुतलेलं पाणी मोठ्या हौदात साठवायचं, त्याची बाटली जळगावला जायची, सरांची चिठ्ठी येईपर्यंत हौदाची तोटी उघडायची नाही. विमान कारखान्यानं हे रकाने कधी मागितले नव्हते. आमचे शेठ कुरकुरले, "नाना, विमान काय पाण्यावर चालतं?" पण साहेबांनाही ते रकाने आवडले होते, म्हणून शेठनी हौद बांधून दिला. शेठ वाईट माणूस नव्हता. घाबरट होता. मीही तशीच होते, हे पुढे कळेलच.

नाल्याच्या वाटेवर एक गाव होतं. आम्ही त्याला खालचं गाव म्हणायचो. नाल्यापासून वीस पावलांवर त्या गावाची विहीर. नानांचा जन्म तिथलाच. लहानपणाबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, की त्यांच्या आईला, सखूबाईला, त्या विहिरीवर चढायची बंदी होती. ती लांब मडकं धरून बसायची, कोणाला दया आली तर वरून धार सोडायचे. अर्धं पाणी मातीत जायचं. पुढे दिवस बदलले, नाना धुळ्यात राहायला आले, विहीर सगळ्यांना खुली झाली. पण गावात गेले तरी नाना तिचं पाणी प्यायचे नाहीत. घरून बाटली न्यायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तहान नाही लागत तिथे."

दोन वर्षांनी मला स्वतःचा शिक्का मिळाला. अकरा नंबर. नानांनी सगळ्यांना पेढे वाटले, स्वतःच्याच पोरीला मिळाल्यासारखे. त्यानंतर तीनच महिन्यांनी तो शनिवार आला. सोमवारी एक मोठा लॉट पाठवायचा होता आणि हौद काठोकाठ भरला होता. हौद रिकामा झाल्याशिवाय पुढचे बोल्ट धुता येणार नव्हते. सायनाइड मारून झालं होतं, पण गाळ नीट बसला नव्हता आणि चिठ्ठी मंगळवारी येणार होती. शेठ दुपारी शेडमध्ये आले आणि म्हणाले, "नाना, तोटी उघडा." नाना म्हणाले, "मंगळवारी." लॉट वेळेवर गेला नसता तर पुढची ऑर्डर दुसरीकडे जाणार होती. माणसं गोळा झाली. टाकीवरचा एक जण, ज्याच्या हातांसाठी नाना दर शनिवारी भांडायचे, तोच म्हणाला, "नाना, शेड बंद पडली तर आम्ही काय करायचं?" नानांचा चेहरा उतरला. पण मान हलली नाही.

मग शेठ जे बोलायला नको ते बोलले. "ज्या गावानं तुमच्या आईला पाणी दिलं नाही, त्या गावासाठी चाळीस घरं उपाशी ठेवता का?"

 नाना शांतपणे म्हणाले, "शेठ, पाणी न मिळणं काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच नाही म्हणतो." शिक्का सदऱ्यात सोडला, सायकल काढली आणि गेले.

शेठ माझ्याकडे वळले. "बाई, शिक्का तुमचाही चालतो." मी काय सांगू? मला त्या चाळीस घरांची काळजी वाटली, हे खरं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे आशेनं बघितलं, ते मला आवडलं, हेही खरं आहे. पाणी काचेसारखं दिसत होतं. मी 'पाणी' या रकान्यात अकरा नंबर उठवला. तोटी उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या टाळ्या आजही ऐकू येतात.

मंगळवारी सरांची चिठ्ठी आली. कॅडमियम भरपूर होतं. मी प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून रडत होते तेव्हा नाना आत आले. त्यांच्या हातात कार्ड होतं. माझ्या मनात एकच, आता हे मला काय काय बोलणार! बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कार्ड पुढे धरलं. "शिक्का कोणाचा?"

"माझा."

"मग चल. बठ्ठासले सांगनं पडी." सगळ्यांना सांगावं लागेल. आणि त्यांनी कोपऱ्यातला लाल रंगाचा डबा उचलला.

खालच्या गावात आम्ही आधी सरपंचांच्या ओट्यावर गेलो. नाना बोलतील असं मला वाटलं होतं. ते मागे उभे राहिले. मलाच बोलावं लागलं, की विषारी पाणी नाल्यात मी सोडलंय, विहिरीत झिरपलं असेल, तपासणी होईपर्यंत पिऊ नका. लोक चवताळले. का नाही चवताळणार? एक जण नानांवर धावून आला, "आता तुम्ही आमची विहीर बाटवली का?" तो शब्द, आणि तोही नानांना! नानांनी डबा उघडला, वाकले आणि विहिरीच्या कठड्यावर चारही बाजूंनी लाल पट्टा ओढला. विहिरीच्या त्या कठड्याला त्यांचा हात पहिल्यांदा लागला तो असा.

शेठना मात्र भलं म्हणायला हवं. मी कारखान्यात परत येऊन सांगितल्यावर त्यांनी डोकं धरलं, पण त्याच दुपारी टँकर पाठवला आणि तो पुढे दोन महिने चालू ठेवला. टँकरवर पाणी वाटायला नाना उभे. पहिल्या दिवशी रांगेत एक ऐंशीची म्हातारी होती, मोठ्या घरातली, लांबूनच कळशी धरून उभी. नाना म्हणाले, "आक्का, भांडं आखो जोडे धरा, सांडस." अजून जवळ धरा, सांडतंय. म्हातारीनं डोळे बारीक करून बघितलं. "तू कोना पोऱ्या रे?"

"सखूना पोऱ्या."

  म्हातारीनं कळशी पुढे आणली, अगदी नानांच्या हाताला टेकवली, आणि नानांनी ती थेंबही न सांडता भरून दिली.

विहीर दोनदा उपसली. दर पंधरा दिवसांनी मी बाटली घेऊन जळगावला जायचे. चौथी चिठ्ठी स्वच्छ आली आणि आम्ही ती आणि विहिरीसाठी केलेलं कार्ड घेऊन गावात गेलो. निम्मं गाव जमलं, पण पहिला घोट घ्यायला कोणी पुढे होईना. तेव्हा ती म्हातारी दोर-बादली घेऊन आली आणि नानांसमोर ठेवून म्हणाली, "आते तूच काढ."

नाना कठड्यावर चढले. बादली सोडली, ओढली. साठीला आलेला माणूस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ओंजळ भरून प्यायले. मग माझ्यापुढे बादली धरली. "घे बीएस्सी. आता मार शिक्का." मी प्यायले. त्याइतकं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

नाना पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. माणूस गेला की त्याचा शिक्का मोडून टाकायचा, असा नियम आहे. नानांनी दोरा काढला, शिक्का ऐरणीवर ठेवला आणि हातोडा माझ्या हातात दिला. मला घाव घालवेना. "घाल ना! नापास मालावर मारतेस तसा घाल," म्हणाले आणि स्वतःच हसले. तीन घाव लागले. नंतर कितीदा तरी त्यांचा हात सवयीनं गळ्याकडे जाताना मी पाहिला. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला ते गेले. खालच्या गावातून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली होती.

मीही आता निवृत्त आहे. माझा शिक्काही मोडला. पण त्या विहिरीच्या पाण्याचं कार्ड मी कोणाला दिलं नाही. नानांनीच ते पुठ्ठा कापून केलं होतं, बोल्टच्या कार्डासारखं. पहिल्या ओळीत, तोटी उघडली त्या शनिवारची तारीख घालून त्यांनी माझ्याकडून उठवून घेतलेला, एकटा अकरा आहे. शेवटच्या ओळीत सात आणि अकरा शेजारी शेजारी आहेत. सात नंबर आता नाही. कोणाला काही विचारायचं असेल, तर अजून मी आहे.